गाडीखालची परात

इंजिनचे ऑइल जिथून गळते, तिथे ते पडत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवताना दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी हे वाक्य फळ्यावर लिहीत असे आणि विद्यार्थ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावत असे. ऑइल उंचावरून निघते, इंजिनच्या अंगावरून ओघळते, एखाद्या बोल्टच्या डोक्यावर विसावते, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी सर्वांत खालच्या कडेवरून जमिनीवर टपकते. म्हणून डाग पाहून निदान करू नये. खालून वर चढत जावे आणि सर्वांत उंचावरचा ओला बिंदू शोधावा. तीस वर्षे हा नियम मी शिकवला. निवृत्तीनंतर तो मी स्वतःच मोडला, आणि मोडल्याचे माझ्या ध्यानात आणून दिले ते कधी शाळेत न गेलेल्या एका वृद्ध बाईंनी.

माझी मातृभाषा तेलुगू. वडील सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करत. थोरले बंधू नरसय्या आजही त्याच व्यवसायात आहेत. मराठी मी शाळेत शिकलो, त्यामुळे माझे बोलणे पाठ्यपुस्तकासारखे वाटते असे मित्र म्हणतात. मला त्याचा खेद नाही. निवृत्तीनंतर माझा जुना विद्यार्थी हमीद याच्या अक्कलकोट रस्त्यावरील गॅरेजात मी सकाळी दहा ते पाच बसू लागलो. हमीद आता पंचेचाळिशीचा आहे, स्वतः उत्तम कारागीर आहे, तरीही मी आत शिरलो की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो.

गॅरेजच्या मागेच टॉवेलचे कारखाने आहेत. महिन्यातून एकदा बंधूंकडून आम्हांला एक पोते येते: टॉवेलच्या कापलेल्या कडा आणि विणीत चुकलेले तुकडे. बाहेरगावचे मेकॅनिक हात आणि यंत्राचे भाग पुसायला जुने बनियन वापरतात. आमची चिंधी नवीकोरी, मऊ आणि ओल चटकन टिपणारी. बाहेरून आलेला एखादा कारागीर ती हातात घेऊन चुरगाळून पाही, तेव्हा आम्हांला थोडा अभिमान वाटत असे.

ऑइलगळतीबद्दल लोकांच्या समजुती फार विविध असतात. मोडनिंबच्या एका गृहस्थांनी गळणाऱ्या सांध्यावर अंगाचा साबण आणि हळद कालवून लेप दिला होता. गाडी वर उचलली तेव्हा सगळा तळ पिवळाजर्द झालेला. विचारले तर शांतपणे म्हणाले, “जखमेला चालती, मग हिला का न्हाय?” टेंभुर्णीचे एक मालवाहतूकदार ऑइल गळते याचा अर्थ इंजिनात ऑइल शिल्लक आहे, असे समाधान मानत. अशांना मी हसत नाही. गळती लहान असते तोवर माणूस तिच्यासोबत राहायला शिकतो. पण सिद्धप्पांच्या गाडीच्या बाबतीत तशी सवलत नव्हती.

सिद्धप्पा मैंदर्गीचे. घराण्यात मेंढरे राखण्याचे काम पिढ्यानपिढ्या. ते स्वतः शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतात. त्यांच्या आई, गंगव्वा, यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि दर मंगळवारी व शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी सोलापूरला आणावे लागे. एका वेळी चार तास यंत्रावर. पन्नासेक किलोमीटर येणे आणि तितकेच जाणे. परतीच्या वाटेवर त्यांना बसवत नसे. म्हणून सिद्धप्पांनी एक वापरलेली आलिशान एसयूव्ही घेतली होती, जिची मागची आसने कलंडतात आणि जिच्यात खड्डा अंगाला जाणवत नाही. गावात लोक थट्टा करत, की मेंढरांच्या मागे फिरणाऱ्याने विमान आणले. सिद्धप्पा म्हणत, “विमानच हाय. अव्वा झोपून येती, अजून काय पायजे?”

ते विमान गळत होते. दोन महिन्यांपूर्वी वळसंगच्या अलीकडे समोरच्या पडद्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. सिद्धप्पांनी शहाणपणाने इंजिन तत्काळ बंद केले, पण दुसरे वाहन मिळेपर्यंत दोन तास उन्हात गेले. त्या दिवशीचे डायलिसिस चुकले, आणि दोन दिवसांनी गंगव्वांना धाप लागून रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून त्यांनी एकच धरले होते: पुन्हा रस्त्यात उभे राहायचे असेल, तर आपण घरीच बरे. सुया, यंत्र, प्रवास यांना त्या आधीच कंटाळल्या होत्या. गाडी हे एक निमित्त मिळाले होते. सिद्धप्पांना भीती वाटत होती ती इंजिनची नव्हे, या निमित्ताची.

एका मंगळवारी, आईला यंत्रावर नेण्याआधी, ते थेट आमच्याकडे आले. “मास्तर, तीन ठिकाणी दावली गाडी,” ते म्हणाले. “एकानं वरचं गॅस्केट बदललं, एकानं खालचं. तिसरा म्हनतो गिअरबॉक्स उतरवावा लागंल, तीन आठवडे गाडी ठिवा. तीन आठवडे म्या कुटनं आणू? अव्वा दुसऱ्या गाडीत बसायला तयार न्हाय.”

मी वही काढली. निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, प्रश्नांनी करावी असा माझा शिरस्ता आहे. ऑइल केव्हा पडते, कुठे पडते, किती पडते? सिद्धप्पांना नेमके काही सांगता येईना. पडते, लई पडते, एवढेच ते म्हणत राहिले. तेव्हा मागच्या आसनावर पहुडलेल्या गंगव्वांनी काच खाली केली.

“त्याला काय इचारता? त्यो गाडी लावतो आन् फोनवर बोलत आत जातो. मला इचारा की.”

त्यांचा अंगणातल्या शहाबादी फरशीवर फार जीव. त्यावर काळे डाग पडू लागले तसे त्यांनी गाडीखाली जर्मनची एक जुनी, कड चेपलेली परात ठेवायला सुरुवात केली होती, आणि परातीत चुलीतली राख पसरली होती. राखेत थेंब पडला की गोल खळगा होतो आणि मोजता येतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले.

“फुडच्या चाकाच्या मागं दोन वीत, मदोमद. अक्कलकोटला जाऊन आलं तर परात कोरडी. सोलापूरला जाऊन आलं की सात-आठ थेंब. आन् गाडी थांबली की लगीच न्हाय पडत. म्या अर्दा कप चा करती, तेवडाच सांगितलाय डाक्टरनं. करती, पिती, कप इसळती, मग पयला थेंब.”

मी सगळे शब्दशः लिहून घेतले. इतकी शिस्तबद्ध नोंद माझ्या प्रात्यक्षिक परीक्षांत फारच थोड्या विद्यार्थ्यांनी दिली होती. मी तिचे कौतुक केले आणि मग, आजही लिहिताना संकोच वाटतो, तिच्याकडे दुर्लक्ष केले.

सिद्धप्पा आईला यंत्रावर पोहोचवून परत आले. गाडी लिफ्टवर उचलली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे घंटेच्या आकाराचे एक कवच असते. त्याच्या आत, इंजिनच्या मुख्य दांड्याभोवती, मागचे मोठे ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारे रबरी कडे, बसते. कवच खालून काळेभोर आणि ओले होते. हमीदने बॅटरी फिरवली, बोटाने ऑइल टिपले, वास घेतला. “सर, इसका पिछला सील गया,” तो म्हणाला. “गिअरबॉक्स उतारे बगैर नै होता.” मी मान डोलावली. तीन आठवड्यांचे काम आम्ही पाच दिवसांत करू, शुक्रवारी गाडी ताब्यात घेऊ, असे सिद्धप्पांना सांगितलेसुद्धा. मधल्या मंगळवारी हमीद स्वतःच्या गाडीने गंगव्वांना आणणार होता. गंगव्वांना ते कळले तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि काच वर केली. ते त्यांचे उत्तर होते.

बुधवारी घरी वही स्वच्छ उतरवून काढत होतो. ही माझी जुनी सवय. उतरवताना हात एका ओळीवर थांबला: ‘गाडी थांबल्यावर चहा करून, पिऊन, कप विसळेपर्यंत कोरडी.’

मागचे सील कवचाच्या आतच असते. ते गळत असेल, तर गाडी थांबताच दोन-चार थेंब पडायला हवेत, कारण तिथून जमीन फार दूर नाही. अर्धा कप चहा करून, पिऊन, कप विसळायला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. एवढा वेळ ऑइल कुठे चालत होते? याचा अर्थ ते लांबून येत होते. आणि अक्कलकोटच्या छोट्या फेरीत थेंब पडत नसे, याचा अर्थ वाटेत कुठेतरी ते आधी साठत होते, आणि साठवण भरली की मगच सांडत होते. मी फळ्यावर तीस वर्षे लिहिलेले वाक्य विसरून सर्वांत खालचा ओला बिंदू पाहून आलो होतो.

गुरुवारी मी हमीदला गिअरबॉक्सला हात लावायचा नाही असे सांगितले. त्याने कारण विचारले नाही, फक्त लिफ्टकडे पाहिले. मला वाटते, त्याचा विश्वास बसला नव्हता. पण ते दाखवण्याइतका तो असभ्य नाही.

शुक्रवारी गंगव्वा यंत्रावर असताना, त्या चार तासांत, आम्ही इंजिन बाहेरून धुऊन कोरडे केले. मग ऑइलमध्ये एक विशेष रंग मिसळला. साध्या उजेडात हा रंग दिसत नाही. जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली मात्र हिरवट-पिवळा चमकतो. गाडी मैंदर्गीला पाठवली. मंगळवारी ती परत आली तेव्हा भर दुपारी शटर ओढून आम्ही गॅरेज अंधारे केले आणि एक लवचीक, बोटाएवढा जाड कॅमेरा इंजिनच्या वरच्या भागांमधल्या फटीतून आत सोडला.

या इंजिनाला सहा सिलिंडर असतात, तीन-तीनच्या दोन ओळींत. ओंजळ धरावी तशा या ओळी एकमेकींकडून बाहेर कललेल्या असतात आणि त्यांच्या मध्ये एक दरी तयार होते. दरीच्या तळाशी ऑइल कूलर बसवलेला असतो. इंजिनचे तापलेले ऑइल त्यातून जाते आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्याने निवते. त्याच्यावर टर्बो, हवेचे मोठे नळ, तारा, असा सारा संसार. वरून तो दिसत नाही, खालून तर नाहीच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या दरीत हिरवे-पिवळे तळे चमकत होते. कूलरखालच्या रबरी सीलमधून ऑइल झिरपत होते, तळे भरत होते, आणि भरले की मागच्या बाजूने कवचावरून खाली ओघळत होते. तीन गॅरेजांना आणि चौथ्या आम्हांला फसवणारी वाट हीच होती.

हमीदने पडद्यावर बोट ठेवून ती वाट खालपर्यंत गिरवली. मग म्हणाला, “सर, गिअरबॉक्स उतारके नवा सील डालते, और आजी फिर परात रखती बैठती.”

पुढचा शुक्रवार ते सोमवार आम्ही काम केले. त्या शुक्रवारी गंगव्वा हमीदच्या गाडीने घरी गेल्या. मी स्वतः सोबत येतो म्हटले तेव्हा तयार झाल्या, आणि वाटभर कानडीतून सिद्धप्पांकडे गाडीच्या खडखडाटाची तक्रार करत राहिल्या. मला कानडी थोडी कळते हे त्यांना शेवटी मैंदर्गीत समजले. त्यावर त्या म्हणाल्या, की कळते तर बरेच झाले, दोनदा सांगायला नको.

काम कष्टाचे पण सरळ होते. वरचे भाग एकामागून एक काढायचे, क्रमाने ओळीत मांडायचे, प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्या भोकाच्या नावाने वेगळा ठेवायचा. जुनी सीले कडक होऊन चपटी झाली होती. नवी बसवण्यापूर्वी त्यांची बैठक, म्हणजे ज्या धातूच्या सपाटीवर ती टेकतात ती जागा, मी स्वतः पुसली. टॉवेलच्या नव्या तुकड्याने, तीनदा. मग बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताकदीने आवळले. सोमवारी संध्याकाळी सिद्धप्पा गाडी घेऊन गेले. मंगळवारी गंगव्वांनी सांगितले, परात कोरडी. शुक्रवारीही कोरडी. मी वहीत ‘काम पूर्ण’ असे लिहून खाली रेघ मारली.

त्यानंतरच्या मंगळवारी काच खाली झाली.

“मास्तर, तीन थेंब,” गंगव्वा म्हणाल्या.

सिद्धप्पांनी आईला नेले, आणले आणि जाताना एवढेच सांगितले, की आता गाडी विकायची आणि अव्वा काय म्हणते ते ऐकायचे, दुसरा मार्ग दिसत नाही. अव्वा काय म्हणणार हे आम्हा सर्वांना माहीत होते. मी त्यांच्याकडे एक शुक्रवार मागितला. फक्त एक. आधीच्या दोघा-तिघांनीही तो मागितला असणार. सिद्धप्पांनी आईकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “दे. ह्यो निदान लिहून तरी घेतो.”

शुक्रवारी पुन्हा सगळे उघडले. गेल्या वेळी उघडायलाच एक दिवस लागला होता; या वेळी तीन तासांत कूलरपर्यंत पोहोचलो, कारण वाट ठाऊक झाली होती. कूलर उचलला. सीले नवी, लवचीक, कुठे चीर नाही. बैठक सपाट. हमीदने सील उजेडाकडे धरून पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सर, माल खराब आया बोलेंगे. दूसरा मंगाते. अपन कायकू अपने ऊपर लेना?”

हे सांगणे सोपे होते, आणि कदाचित खरेही ठरले असते. मालाचा दोष सांगितला की गिऱ्हाईक आपल्यासोबत पुरवठादाराला शिव्या देते आणि दोघे एकाच बाजूचे होतात. पण दोष दिसल्याशिवाय तो कुणाच्या नावावर लिहायचा नाही, हेही मी फळ्यावरच लिहीत असे. मी हमीदला शटर ओढायला सांगितले आणि जांभळा दिवा लावला.

बैठकीच्या कडेवर, आतून बाहेर, एक हिरवी-पिवळी रेघ चमकत होती. नखाएवढी लांब, केसाहून थोडी जाड. मला ती आधी ओरखडा वाटली. चिमट्याने स्पर्श केला तर ती हलली.

टॉवेलचा धागा होता. टॉवेलच्या अंगावर जे बारीक उभे फासे असतात, त्यांतला एक तुटून चिकटलेला. त्याचे एक टोक सीलच्या आत ऑइलमध्ये होते आणि दुसरे बाहेर दरीत. समईत वात जे करते तेच तो करत होता: ऑइल पीत होता आणि थेंबाथेंबाने बाहेर नेत होता. मी स्वतः, तीनदा, पुसून, ती वात लावून ठेवली होती.

हमीदने शटर वर केले. त्याने ही पद्धत माझ्याकडून शिकली होती. त्याच्यासारख्या कित्येकांनी शिकली होती. ‘सीलची बैठक टॉवेलच्या स्वच्छ चिंधीने कोरडी करावी’ हे वाक्यही वह्यांत उतरवून घ्यायला लावलेले होते, आणि परीक्षेत त्याला गुण होते.

मधल्या काळात सिद्धप्पा आईच्या शेजारी बसून होते. मी रुग्णालयात गेलो. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. गंगव्वा यंत्रावर होत्या. हातातून दोन नळ्या निघालेल्या, एकीतून रक्त जात होते आणि दुसरीतून परत येत होते. मी कागदाच्या पुडीत आणलेला धागा दाखवला आणि सगळे क्रमाने सांगितले: पहिली गळती सीलची होती, दुसरी आमची. आमच्या चिंधीची. माझ्या हाताची.

सिद्धप्पांनी पुडी हातात घेतली. “एवडासा?” ते म्हणाले. रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते नुसते थकल्यासारखे दिसले.

गंगव्वांनी मान वळवून धागा पाहिला. मग समोरच्या नर्सकडे पाहत म्हणाल्या, “ती पोरगी माझ्या नळीला हात लावायच्या आदी हात धुती, नवा हातमोजा घालती, कापूस तिकडं ठिवती. तुमी काय घालता मास्तर?”

“टॉवेलने पुसतो, अव्वा.”

“मग बदला की.”

नर्स हसली. मी हसलो नाही. शिकवताना विद्यार्थ्याला असे एका वाक्यात थांबवता आले, की मला पूर्वी फार समाधान वाटत असे.

तिथून निघताना मी त्या नर्सला विचारले, की धागा सोडत नाही असा कागद कुठे मिळतो. तिने पत्ता दिला. त्या संध्याकाळी आम्ही हातमोजे घातले, बैठक त्या कागदाने पुसली, जांभळ्या दिव्याखाली तपासली, पुन्हा पुसली, पुन्हा तपासली. पुसण्याच्या कामाला एरवी आम्ही दहा मिनिटे देतो. त्या दिवशी दोन तास दिले. हमीदने एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. नवी सीले बसली, बोल्ट क्रमाने आवळले गेले, आणि या वेळी वहीत मी ‘काम पूर्ण’ असे लिहिले नाही.

रविवारी मी बंधूंकडे गेलो. त्यांनी धागा अंगठ्यावर घेऊन डोळ्यांजवळ धरला. तो आपल्याच मागावरचा आहे हे त्यांनी तत्काळ ओळखले. त्यांच्या स्वरात किंचित अभिमान होता, तो मी समजू शकतो. मग धाकट्या भावाला समजवावे तसे ते तेलुगूत म्हणाले, “तम्मुडू, टॉवेलचं काम पिणं आहे. ते त्यानं केलं. तू त्याला भलत्या जागी बसवलंस.” पोते पाठवायचे बंद करू का, असेही विचारले. मी म्हणालो, पाठवा; हात पुसायला लागते.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक समूह आहे. त्यावर मी सविस्तर लिहिले, की मी शिकवलेली एक गोष्ट चूक होती, ती का चूक होती आणि तिच्या जागी काय करावे. पुष्कळांनी अंगठा दाखवला. मोहोळच्या एकाने विचारले, “सर, हे परीक्षेला येणार का?” एकाने मात्र खासगी निरोप पाठवला: दोन वर्षांपूर्वी एका गाडीचे काम त्याने तीनदा केले होते, तरी ती गळतच राहिली, मालकाने शेवटी गाडी काढून टाकली, आता त्याला कारण कळले असावे. मी तो निरोप अजून पुसलेला नाही. तीस वर्षांत माझ्या हाताखालून आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हाताखालून अशा किती वाती लागल्या असतील, याचा हिशेब करता येत नाही. येत असता तरी तो मला झेपला नसता.

गंगव्वांनी परात काढली नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुन्हा मंगळवार. दर वेळी काच खाली होई, “कोरडी” एवढा एक शब्द येई आणि काच वर होई. पहिल्या महिन्यात मी तो शब्द ऐकण्यासाठी फाटकापाशी उभा राहत असे. दुसऱ्या महिन्यात हमीदही येऊन उभा राहू लागला. गाडी थांबवायचे कारण नसताना सिद्धप्पा गाडी थांबवत, आणि एकही फेरी चुकली नाही.

तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी काच खाली झाली, पण शब्द आला नाही. सिद्धप्पा उतरले, मागचे दार उघडले आणि ती परात माझ्या हातात दिली. कड चेपलेली तीच, पण घासून लखलखीत केलेली. तिच्यात कागदाच्या पुड्यात बांधलेली थोडी राखही होती.

“अव्वानं दिलीय,” ते म्हणाले. “म्हनली, मास्तराला दे. त्याच्याकडं अजून गाड्या येतील.”

मी गाडीकडे पाहिले. काच वर झाली होती. आत त्या डोळे मिटून पहुडल्या होत्या, यंत्राकडे जाण्याच्या तयारीत.

ती परात आता आमच्या गॅरेजात आहे. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी आम्ही आधी लांबच्या फेरीवर नेतो, मग तिच्याखाली राख पसरलेली ती परात ठेवतो आणि बसतो. हमीद अर्धा कप चहा करतो. आम्ही तो पितो, कप विसळतो, आणि मगच वाकून पाहतो. आजवर तिच्यात तीनदा खळगा उमटला आहे. तिन्ही गाड्या त्या दिवशी मालकाच्या घरी गेल्या नाहीत.